चोविसाव्या नंबरचा हक्क

नॅस्कारच्या मुख्य मालिकेत डॅनिका पॅट्रिक १९१ शर्यतींत उतरली आणि त्यातली एकही जिंकली नाही. तिचा सगळ्यात चांगला निकाल म्हणजे २०१४ मध्ये अटलांटाला मिळालेला सहावा नंबर. पहिल्या दहात ती फक्त सात वेळा आली. २०१५ आणि २०१६ या दोन्ही मोसमांच्या शेवटी गुणतक्त्यात तिचा नंबर होता चोविसावा.

आता याच बाईचा दुसरा आकडा बघा. १७ फेब्रुवारी २०१३ ला डेटोनाच्या ट्रॅकवर तिनं अडीच मैलांची एक फेरी ४५.८१७ सेकंदांत मारली. ताशी सुमारे ३१६ किलोमीटर. त्या दिवशी तिच्याहून वेगवान कुणीच नव्हतं. अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींमधली सगळ्यात मानाची शर्यत म्हणजे डेटोना ५००. त्या शर्यतीत सगळ्यांच्या पुढे, पहिल्या जागेवरून सुरुवात करायचा मान तिला मिळाला. मुख्य मालिकेत हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री.

तिचे चाहते तुम्हाला पहिला नंबर सांगतील, टीकाकार चोविसावा. वाद वर्षानुवर्षं चालला, अजूनही चालतो. पण नीट पाहिलं तर दोन्ही बाजू एकच गोष्ट करत असतात. तिच्या नंबरवरून त्यांना 'बायकांबद्दल' काहीतरी सिद्ध करायचं असतं. बायका वेगात गाडी चालवू शकतात, किंवा शकत नाहीत.

मला यातला पहिला नंबर फारसा अवघड वाटत नाही. जिंकणाऱ्या बाईला जागा करून द्यायला जग हळूहळू शिकतंय. कौतुक करणं सोपं असतं. खरा प्रश्न चोविसाव्या नंबरचा आहे. मधल्या फळीत राहण्याचा, बरं पण फार भारी नाही असं काम करत राहण्याचा हक्क कुणाला असतो?

गाडी कुणाची, पैसा कुणाचा

स्टॉक कार म्हणजे, नावाप्रमाणे, शोरूममधून उचललेली साधी गाडी. १९४८ मध्ये बिल फ्रान्स यांनी नॅस्कार ही संस्था सुरू केली तेव्हा ते बऱ्यापैकी खरंही होतं. अमेरिकेच्या दक्षिणेत डोंगराळ भागातून चोरटी दारू पोचवणारे लोक पोलिसांना गुंगारा देण्यासाठी साध्या गाड्यांची इंजिनं ताकदवान करून घ्यायचे. त्यांच्यातलेच काही रविवारी एकमेकांशी शर्यत लावू लागले. आज त्या गाडीत शोरूमचं काहीच उरलेलं नाही. बाहेरून फोर्ड, शेव्हरोले किंवा टोयोटाचा चेहरा, आत सगळं फक्त शर्यतीसाठी बनवलेलं. वजन दीड टनाच्या आसपास. मोसमात छत्तीस शर्यती, आणि डॅनिका आली तेव्हा प्रत्येक शर्यतीत त्रेचाळीस गाड्या.

ही गाडी पळवायला प्रचंड पैसा लागतो. इंजिनं, टायर, मेकॅनिक, गाड्या देशभर वाहून नेणारे ट्रक. हा पैसा मुख्यतः स्पॉन्सर देतो आणि त्या बदल्यात गाडीच्या बॉनेटवर आपलं नाव रंगवून घेतो. म्हणजे ड्रायव्हरला सीट मिळते ती दोन गोष्टींवर: तो किती वेगवान आहे, आणि त्याच्यामागे पैसा घेऊन कोण उभं आहे. दुसरी गोष्ट नसेल तर पहिलीचा उपयोग फार मर्यादित.

डॅनिकाचा जन्म १९८२ चा, विस्कॉन्सिनमधल्या बेलॉइटचा. वाढली शेजारच्या इलिनॉय राज्यातल्या रॉस्को या छोट्या गावात. दहाव्या वर्षी गो-कार्ट हातात आली. सोळाव्या वर्षी शाळा अर्धवट सोडून ती एकटी इंग्लंडला गेली, कारण छोट्या फॉर्म्युला गाड्यांची खरी तालीम तिथं होती. २००० मध्ये ब्रँड्स हॅचच्या फॉर्म्युला फोर्ड फेस्टिव्हलमध्ये ती दुसरी आली. पुढे अमेरिकेत इंडीकारमध्ये शिरली. २००५ च्या इंडियानापोलिस ५०० मध्ये, पहिल्याच प्रयत्नात, तिनं १९ फेऱ्या शर्यतीचं नेतृत्व केलं आणि चौथी आली. २००८ मध्ये जपानमधल्या मोटेगीला ती जिंकली. इंडीकारची शर्यत जिंकणारी ती पहिली स्त्री. २००९ ला इंडियानापोलिसमध्ये तिसरी.

मग २०१० पासून ती स्टॉक कारकडे वळली. दुसऱ्या फळीच्या मालिकेत शिकत शिकत २०१३ मध्ये तिला मुख्य मालिकेत पूर्ण मोसमाची सीट मिळाली. टीम स्ट्युअर्ट-हास, गाडीचा नंबर १०, रंग झगझगीत हिरवा, बॉनेटवर गोडॅडी या इंटरनेट कंपनीचं नाव.

इथं एक साधी गोष्ट लक्षात घ्यायला हवी. इंडीकारची गाडी हलकी, उघड्या चाकांची. तिला दुसरी गाडी घासली तर दोघांचाही खेळ संपतो. स्टॉक कार जड, आणि तिच्यात ढोसाढोशी हा खेळाचाच भाग. बाकीचे ड्रायव्हर पंधराव्या-सोळाव्या वर्षी गावोगावच्या छोट्या ट्रॅकवर हे शिकतात. डॅनिका ते तिशीच्या उंबरठ्यावर शिकत होती, टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर.

वशिल्याचं तट्टू

आपल्याकडे यासाठी तयार शब्दच आहे. ज्याला लायकीशिवाय जागा मिळाली तो वशिल्याचं तट्टू. डॅनिकावरचा आरोप नेमका हाच होता. वेगापेक्षा तिचा चेहरा विकला जातो म्हणून ती इथं आहे.

आरोप करणारे लहान लोक नव्हते. रिचर्ड पेटी हे नॅस्कारचे 'किंग'. सात वेळा विजेते, २०० शर्यती जिंकलेले. बाकी सगळे घरी बसले तरच ती जिंकेल, अशा अर्थाचं ते २०१४ मध्ये बोलले. त्याच्या आदल्या वर्षी त्यांचे चिरंजीव काइल पेटी यांनी म्हटलं होतं की ती वेगात गाडी चालवू शकते, पण शर्यत लढू शकत नाही. ती मार्केटिंगचं यंत्र आहे.

आरोपात तथ्य होतं का? होतं. गोडॅडीच्या पैशाशिवाय तिला ती सीट त्या वेळी मिळाली नसती. कंपनीला तिच्यात ड्रायव्हरबरोबरच जाहिरातीचा चेहरा हवा होता. सुपर बोलच्या डझनाहून जास्त जाहिरातींत ती दिसली आणि त्यातल्या अनेकांचा सूर सूचक विनोदाचा, तिच्या दिसण्याभोवती फिरणारा होता.

पण हाच नियम सगळ्यांना लावून बघू. पॉल मेनार्ड हा ड्रायव्हर चारशेहून जास्त शर्यतींत उतरला आणि एक जिंकला. त्याच्या गाडीवर वर्षानुवर्षं नाव होतं मेनार्ड्सचं, म्हणजे त्याच्या वडिलांच्या दुकानांच्या साखळीचं. ऑस्टिन डिलन ज्या टीमसाठी गाडी चालवतो तिचे मालक रिचर्ड चिल्ड्रेस हे त्याचे आजोबा. आणि खुद्द काइल पेटी आठशेहून जास्त शर्यतींत उतरले, आठ जिंकले. पेटी हे आडनाव नसतं तर इतकी वर्षं सीट टिकली असती का, हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

हे लोक वाईट ड्रायव्हर नाहीत. डिलननं २०१८ ची डेटोना ५०० जिंकली, मेनार्डचा एकमेव विजय इंडियानापोलिससारख्या मोठ्या मैदानावरचा. माझा मुद्दा इतकाच की वडिलांचं दुकान, आजोबांची टीम, घराण्याचं आडनाव या गोष्टींना आपण सहसा वशिला म्हणत नाही. त्याला म्हणतो 'रक्तातच आहे'. पुरुषाला मिळालेली मदत वारशात जमा होते आणि बाईला मिळालेली मदत घोटाळ्यात.

तरी या युक्तिवादावर मी थांबू शकत नाही. कारण 'तोही तसाच' हे उत्तर नैतिकदृष्ट्या फार लंगडं आहे. दुसऱ्यालाही फुकट मिळालं म्हणून माझं फुकटचं न्याय्य होत नाही. आणि टीकाकारांकडे एक खरोखर जड मुद्दा आहे: स्ट्युअर्ट-हासची गाडी चांगली होती. त्याच टीमचा केविन हार्विक २०१४ चा विजेता ठरला. त्याच कारखान्यातून निघालेल्या गाडीत ती अठ्ठाविसावी होती. कुठंतरी एखादा मुलगा, किंवा मुलगीही, तिच्याहून वेगवान असेल आणि पैसा नाही म्हणून शनिवारी रात्री गावच्या ट्रॅकवर फिरत असेल. त्याला आपण काय सांगणार?

जिला पैसा मिळाला नाही

तसं उदाहरण शोधायला फार लांब जायची गरज नाही. जॅनेट गथ्री. जन्म १९३८. मिशिगन विद्यापीठातून १९६० मध्ये भौतिकशास्त्राची पदवी, मग विमानांच्या कंपनीत इंजिनिअर. जुनी जॅग्वार घेऊन, तिचं इंजिन स्वतः उघडून-जोडून ती शर्यतींत उतरायची. १९७६ मध्ये अडतिसाव्या वर्षी तिला इंडियानापोलिसला प्रयत्न करायची संधी मिळाली. त्याच्या काही वर्षं आधीपर्यंत तिथल्या गॅरेजमध्ये आणि पिटमध्ये बायकांना पाऊल ठेवायलाही मनाई होती. त्या वर्षी तिची गाडी पुरेशी वेगवान निघाली नाही.

तेवढ्यात शार्लटच्या ट्रॅकचे चालक हम्पी व्हीलर यांनी तिला स्टॉक कारच्या शर्यतीसाठी बोलावलं. लिंडा फेरेरी या बँकेतल्या अधिकारी बाईंनी गाडी घेतली. ६०० मैलांची शर्यत, आणि तिच्यासाठी नवी जात असलेली गाडी. ती पंधरावी आली. पुढच्या वर्षी, १९७७ मध्ये, डेटोना ५०० मध्ये उतरणारी पहिली स्त्री ती झाली आणि बारावी आली. ब्रिस्टलला सहावी. त्याच वर्षी इंडियानापोलिसमध्येही उतरणारी ती पहिली. १९७८ मध्ये स्वतःची टीम उभी करून, मनगट मोडलेलं असताना ती इंडियानापोलिसला नववी आली.

आणि मग काय झालं? पैसा मिळाला नाही. नॅस्कारच्या मुख्य मालिकेत एकूण ३३ शर्यती, त्यात पाच वेळा पहिल्या दहात. डॅनिकाला १९१ शर्यतींत सात वेळा, हिला ३३ मध्ये पाच वेळा. काळ वेगळा, गाड्या वेगळ्या, स्पर्धा वेगळी, त्यामुळे ही तुलना सरळ करता येत नाही. पण एवढं नक्की की गथ्री थांबली ती वेग संपला म्हणून नव्हे. १९८० नंतर तिच्या गाडीवर नाव रंगवून घ्यायला कुणी तयार नव्हतं. आज तिचं हेल्मेट आणि शर्यतीचा पोशाख स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. संग्रहालयात ठेवण्याइतकी मोठी, पण गाडीत बसवण्याइतकी फायद्याची नाही.

या कहाणीतला एक बारकावा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. हम्पी व्हीलर यांनी गथ्रीला बोलावलं ते तिकिटं विकण्यासाठी. बाई गाडी चालवणार म्हटल्यावर लोक बघायला येतील, हा हिशोब होता. म्हणजे जिला आपण 'शुद्ध गुणवत्ता' म्हणून डॅनिकाच्या समोर उभी करतो, तिच्यासाठीही दार उघडलं ते तमाशा बघायला गर्दी होईल या आशेनं. आत गेल्यावर तिनं काय केलं, ते मात्र तिचं स्वतःचं.

एकट्याचा वेग नसतो

डेटोनाच्या ट्रॅकवर एक गंमत घडते. एकटी गाडी जितकी पळते त्याहून जास्त वेगात दोन गाड्या एकामागोमाग पळतात. पुढची गाडी हवा कापते, मागचीला विरोध कमी होतो. मागचीमुळे पुढच्या गाडीच्या पाठीशी होणारी हवेची ओढही कमी होते. दोघींचा फायदा. याला ड्राफ्टिंग म्हणतात. त्यामुळे शेवटच्या फेऱ्यांमध्ये कौशल्याइतकंच हेही मोजलं जातं की तुमच्या मागे कोण लागतं, तुम्हाला कोण ढकलतं आणि ऐनवेळी कोण साथ सोडतं. २०१३ च्या त्या डेटोना ५०० मध्ये डॅनिका पाच फेऱ्या सगळ्यांच्या पुढे होती. शेवटची फेरी सुरू झाली तेव्हा ती तिसरी होती. मागून डेल अर्नहार्ट ज्युनियर आणि मार्क मार्टिन जोडीनं निघून गेले आणि ती आठवी आली. त्यात तिच्या अनुभवाचा भाग होता, हे तर आहेच. पण त्या ट्रॅकवर कुणाचाच वेग पूर्णपणे स्वतःचा नसतो.

अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९७१ च्या 'अ थिअरी ऑफ जस्टिस' मध्ये यासारखंच काही आपल्या सगळ्या आयुष्याबद्दल मांडलं. कोणत्या घरात जन्मलो हे आपण कमावलेलं नसतं. जन्मजात बुद्धी किंवा ताकदही कमावलेली नसते. इतकंच नाही, तर मेहनत करायची जी सवय आपण अभिमानानं मिरवतो, तीही बऱ्याच अंशी चांगल्या घराची आणि चांगल्या परिस्थितीची देणगी असते.

हे वाचून अनेकांना राग येतो. मग मेहनतीला काही अर्थच नाही का? आहे. रॉल्स यांचं म्हणणं असं नाही की बक्षिसं बंद करा. म्हणणं असं की बक्षीस हे जिंकणाऱ्याच्या आत्म्याचं प्रमाणपत्र समजू नका. नियम न्याय्य ठेवा, नियमानुसार जे मिळेल ते घ्या, पण 'मला मिळालं म्हणजे मी त्याच्या लायकच होतो आणि त्याला मिळालं नाही म्हणजे तो नालायक' ही उडी मारू नका.

नियम बदलता येतात, याचं उदाहरणही याच कहाणीत आहे. २००५ मध्ये रॉबी गॉर्डन या ड्रायव्हरनं तक्रार केली की डॅनिका वजनानं इतकी हलकी आहे की इंडीकारमध्ये तिला आयता फायदा मिळतो. तक्रार हिशोबाला धरून होती. २००८ मध्ये इंडीकारनं ड्रायव्हरचं वजन धरून गाडीचं वजन मोजायचा नियम केला. विषय संपला. आणि त्याच मोसमात ती मोटेगीला जिंकली. एखादा फायदा अन्यायाचा वाटत असेल तर तो असा नियमानं मिटवता येतो. त्यासाठी माणसाला खोटं ठरवावं लागत नाही.

म्हणून गावच्या ट्रॅकवरच्या त्या मुलाला माझं उत्तर असं असेल: तुझ्यावर अन्याय झालाय, पण तो त्या बाईनं केलेला नाही. सीट पैशावर मिळते हा नियम तिनं बनवला नाही. तो नियम चुकीचा असेल तर त्याविरुद्ध बोलू, आणि बोलताना मेनार्ड, डिलन, पेटी, पॅट्रिक ही सगळी नावं एकाच दमात घेऊ. एकाच बाईचं नाव घेऊन थांबलो तर तो न्यायाचा आग्रह राहत नाही.

एकटीच्या डोक्यावर सगळ्याजणी

गथ्री डेटोनाला उतरली त्याच वर्षी, १९७७ मध्ये, समाजशास्त्रज्ञ रोझाबेथ मॉस कँटर यांचं 'मेन अँड विमेन ऑफ द कॉर्पोरेशन' हे पुस्तक आलं. एका मोठ्या अमेरिकन कंपनीचा त्यांनी अभ्यास केला होता. तिथं विक्री विभागात पुरुषांच्या गर्दीत एखाददुसरी बाई असे. कँटर यांना दिसलं की संख्येनं इतकं कमी असलेलं माणूस व्यक्ती म्हणून उरतच नाही. ते नमुना होतं. त्याच्यावर सतत नजर असते. त्याची चूक त्याची नसते, त्याच्या सगळ्या जातकुळीची असते. आणि यश मिळालं तर ते अपवाद ठरतं.

डॅनिका पॅट्रिकची कारकीर्द हे याचं जवळजवळ पाठ्यपुस्तकी उदाहरण आहे. पोल मिळाला तेव्हा अनेकांनी सांगितलं की डेटोनाला एकटी गाडी पळवताना पाय दाबून धरायचा असतो, श्रेय इंजिनाचं. बरोबर आहे. पण मग तिथं पोल मिळवलेल्या प्रत्येक पुरुषालाही हेच लागू होतं. ती भिंतीवर आदळली की मात्र तो इंजिनाचा दोष नसायचा.

गणिताच्या अंगानंही हा विचार चुकतो. दहा वर्षांच्या मुलांमध्ये गो-कार्ट चालवणारे मुलगे पुष्कळ आणि मुली मोजक्या असतील, तर वीस वर्षांनी सगळ्यात वर पोचलेल्या चाळीस जणांत मुलगी क्वचितच असणार. असलीच तर ती एक असणार. त्या एकीवरून अख्ख्या गटाबद्दल निष्कर्ष काढणं म्हणजे एका शितावरून भाताची परीक्षा. पण ती परीक्षा चालते कधी? सगळी शितं एकाच भांड्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात तेव्हा.

तेव्हा दर रविवारी त्रेचाळीसपैकी बेचाळीस जण हरायचे. हा खेळ बहुतेकांसाठी हरण्याचाच आहे. त्यात चोविसावा येणारा पुरुष सोमवारी सकाळी उठतो, पोरांना शाळेत सोडतो आणि पुढच्या शर्यतीच्या तयारीला लागतो. कुणी त्याला विचारत नाही की पुरुषांनी गाडी चालवावी का. त्याचं अपयश त्याचं खासगी असतं. ही खासगी अपयशाची चैन डॅनिकाला कधी मिळाली नाही, आणि मला वाटतं समतेची खरी मोजणी इथं करायला हवी. शिखरावर कितीजणी पोचल्या हे मोजणं ठीकच, पण मधल्या फळीत किती जणी निवांत राहू शकतात हेही मोजायला हवं.

दुसरीचं नाव

आपल्या वर्तमानपत्रांना 'पहिली महिला' फार आवडते. साताऱ्याच्या सुरेखा यादव या रेल्वे इंजिन चालवणाऱ्या देशातल्या पहिल्या महिला, हे आपल्याला शाळेतल्या सामान्यज्ञानापासून माहीत असतं. आता दुसरीचं नाव आठवून बघा. नाही आठवत ना? माझ्या मते ही आनंदाची बातमी आहे. आज अनेक बायका इंजिनं चालवतात, गाडी वेळेवर किंवा उशिरा पोचवतात, आणि उशीर झाला तर प्रवासी रेल्वेला शिव्या घालतात, बायकांना नाही. निदान तसं व्हायला लागलंय. काम साधं झालं की ते करणारी बाईही साधी होऊ शकते.

स्टॉक कारमध्ये ते अजून झालेलं नाही. १९४९ मध्ये, मालिकेच्या पहिल्याच मोसमात, सारा ख्रिश्चन ही बाई पिट्सबर्गजवळच्या हायडलबर्ग ट्रॅकवर पाचवी आली होती. पुढच्या पाऊणशे वर्षांत मुख्य मालिकेत कुणाही स्त्रीला त्याहून वरचा नंबर मिळाला नाही. याचा अर्थ बायका तेव्हा जास्त चांगल्या होत्या असा नाही. तेव्हा घरची गाडी घेऊन उतरता यायचं. पुढे खेळ महाग होत गेला आणि दाराशी उभं राहून 'कुणाकडून आलात?' असं विचारणारे वाढले.

डॅनिकानंतरच्या पिढीतल्या हेली डीगनकडे बघा. जन्म २००१ चा, वडील ब्रायन डीगन मोटोक्रॉसमधलं मोठं नाव. सप्टेंबर २०१८ मध्ये, सतरा वर्षांची असताना, आयडाहोमधल्या मेरिडियनच्या ट्रॅकवर शेवटच्या फेरीत पुढच्या गाडीला ढोसून तिनं नॅस्कारच्या खालच्या पातळीवरची पश्चिम विभागाची शर्यत जिंकली. त्या मालिकेत जिंकणारी पहिली मुलगी. २०१९ मध्ये आणखी दोन विजय. सगळे म्हणाले, हीच ती. मग ट्रकच्या मालिकेत तीन मोसम गेले, विजय नाही. २०२४ मध्ये वरच्या मालिकेत गेली आणि मोसमाच्या मध्यातच सीट गेली. अशी सीट दरवर्षी कितीतरी तरुण मुलांची जाते. हेलीचा उतार हा एका तेवीस वर्षांच्या ड्रायव्हरचा उतार आहे. तो तसाच वाचता यावा, एवढीच अपेक्षा.

आपल्या वाटचं काम

ज्याला न कमावता संधी मिळाली त्यानं काय करावं, यावर मला एकच उत्तर सुचतं: मिळालेल्या जागेवर नीट काम करावं आणि ती जागा केवळ स्वतःच्या कर्तबगारीची म्हणून मिरवू नये. डॅनिकानं यातलं पहिलं केलं. पाच मोसम दर आठवड्याला गाडीत बसली, भिंतींवर आदळली, पुन्हा बसली. तिच्या जाहिराती मला आवडत नाहीत. त्यांनी एक रस्ता उघडला आणि त्याच वेळी त्या रस्त्यावरून जाणाऱ्या मुलीनं कसं दिसावं याचाही भाव ठरवला. पण जो बाजार चेहऱ्याचे पैसे देतो आणि नंतर चेहऱ्याचे पैसे घेतले म्हणून नाक मुरडतो, त्याच्या तोंडी उपदेश शोभत नाही.

गोडॅडी २०१५ नंतर बाहेर पडली. नव्या स्पॉन्सरशी झालेला करार २०१७ च्या सुरुवातीला मोडला आणि प्रकरण कोर्टात गेलं. त्या मोसमानंतर तिला सीट उरली नाही. २०१८ मध्ये तिनं डेटोना ५०० आणि इंडियानापोलिस ५०० या दोन शर्यतींनी कारकीर्द संपवली. दोन्हीत अपघात, दोन्ही अर्धवट. शेवट गोड करणारा विजय वगैरे काही झालं नाही. बहुतेक ड्रायव्हरांची कारकीर्द अशीच संपते.

आपण कुणी डेटोनाला जाणार नाही. पण आपल्या ऑफिसात, वर्गात, टीममध्ये कुणीतरी 'एकटीच' असते. एखाद्या ठिकाणी 'एकटाच' असतो; लिंग, जात, भाषा, गाव, कशानंही. तिचं प्रेझेंटेशन फसलं की आपल्या मनात पहिलं वाक्य कोणतं उमटतं, ते तपासून बघा. 'तिचं प्रेझेंटेशन फसलं' हे, की 'म्हणूनच यांना' असं सुरू होणारं? पहिलं वाक्य बोलायला काहीच हरकत नाही. फसलेल्याला फसलेलं म्हणणं हाही आदरच असतो, उगाच सांभाळून घेणं हा नव्हे. दुसरं वाक्य मात्र गिळून टाकता आलं पाहिजे.

डॅनिका पॅट्रिक ही स्टॉक कारमधली मधल्या फळीची ड्रायव्हर होती. हे वाक्य लिहिताना माझ्या मनात तिच्याबद्दल ना कीव आहे, ना आकस. तिच्यानंतर येणाऱ्या कुणा मुलीबद्दलही असंच वाक्य लिहिलं जाईल, आणि ते वाचून कुणालाही त्यात बायकांबद्दल काही म्हटलंय असं वाटणार नाही, तो दिवस यायचा आहे.